पासवर्डचं मीटर: रंग सगळ्यात शेवटी

मालवणजवळच्या एका होमस्टेच्या काकांना मी बुकिंगची साइट करून दिली होती. त्यांनी पासवर्ड ठेवला ‘हापूस@१२३४’. खालची मीटरची पट्टी हिरवीगार झाली आणि शेजारी ‘मजबूत’ असा शब्द उमटला. दोन दिवसांनी त्यांच्या भाच्याने तिसऱ्या प्रयत्नात तो ओळखला आणि गंमत म्हणून सगळ्या खोल्यांचं भाडं एक रुपया करून ठेवलं. काकांचं म्हणणं एवढंच होतं: “हिरवो दिसलो म्हणान फुडे गेलंय.” त्यांचं काय चुकलं? मीटर मी लावलं होतं, आणि खोटं ते बोललं होतं.

त्यानंतर आंबा बागायतदारांच्या, पतसंस्थांच्या, छोट्या दुकानांच्या बऱ्याच साइटींचा कोड नजरेखालून गेला. चूक सगळीकडे एकच, आणि ती क्रमाची आहे. आधी पट्टी काढतात, मग तिला रंग देतात, आणि शेवटी रंग बदलायला काहीतरी कारण हवं म्हणून अक्षरं मोजतात. इथे तेच काम उलट्या क्रमाने मांडलं आहे.

दोन गोष्टी आधीच सांगतो. चिकटवायला तयार कोड इथे मिळणार नाही, कारण कुठूनतरी आणून चिकटवलेल्या वीस ओळींनीच माझा घात केला होता. आणि उदाहरणातले पासवर्ड मी देवनागरीत लिहिले आहेत, पण लोक ते रोमन अक्षरांत टाइप करतात असं धरून वाचा. खरोखर देवनागरीत टाइप केलेल्या पासवर्डचे प्रश्न वेगळे आहेत, ते टप्पा १ मध्ये येतील.

## तयारी: एडिटर उघडण्याआधी

एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

पहिला: खातं फक्त पासवर्डवर उघडतं, की सोबत ओटीपी किंवा दुसरं काही लागतं? किमान लांबी त्यावर ठरते.

दुसरा: सर्व्हरवर पासवर्ड कोणत्या पद्धतीने हॅश होतो, म्हणजे परत उलटवता न येणाऱ्या अक्षरमाळेत बदलून साठवला जातो? उत्तर ‘एमडी५’ किंवा ‘साधा शा-१’ या जुन्या, वेगवान पद्धतींपैकी असेल तर मीटर बाजूला ठेवा आणि आधी ते दुरुस्त करा. भिंतीला ओल असताना वरून रंग मारण्यात अर्थ नसतो, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तिसरा: साइट वापरणार कोण, आणि कशावर? माझ्याकडचे बहुतेक लोक तीन-चार वर्षं जुन्या अँड्रॉइड फोनवर, उन्हात उभे राहून, जेमतेम रेंजमध्ये फॉर्म भरतात. मीटर त्या फोनवर चाललं पाहिजे, तुमच्या लॅपटॉपवर ते चालणारच आहे.

## टप्पा १: नियम सर्व्हरवर ठरवा

मीटर म्हणजे नियमांचं चित्र. नियमच ठरले नसतील तर चित्र काढायचं कशाचं?

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची ८००-६३बी ही मार्गदर्शिका यासाठी चांगला आधार आहे. २०१७ च्या आवृत्तीत किमान ८ अक्षरं सांगितली होती. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीनुसार फक्त पासवर्डवर उघडणाऱ्या खात्याला किमान १५ अक्षरं हवीत, आणि सोबत दुसरा घटक असेल तर किमान ८ चालतात. कमाल मर्यादा निदान ६४ अक्षरांची असावी. एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह अशी सक्ती करू नये. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नये. नेहमीचे आणि फुटलेले पासवर्ड मात्र नाकारावेत.

सक्ती का नको, ते ‘हापूस@१२३४’ मध्येच दिसतं. मोठं अक्षर मागितलं की ते पहिलं येतं, चिन्ह मागितलं की ‘@’ येतं, अंक मागितला की शेवटी १२३ येतं. सगळेच तसं करतात, आणि पासवर्ड फोडणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

आता हॅशबद्दल. नवं काम असेल तर आर्गॉन२आयडी ही मुद्दाम मंद ठेवलेली पद्धत वापरा. जुन्या प्रोजेक्टमध्ये बीक्रिप्ट ही आधीची पद्धत असेल तर त्याची ७२ बाइट्सची मर्यादा लक्षात ठेवा. त्यापुढचा भाग बहुतेक ठिकाणी गुपचूप कापला जातो. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. देवनागरीत मात्र यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट्स लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘रत्नागिरी’ डोळ्याला चार अक्षरी दिसतं, पण त्यात ९ चिन्हं आणि २७ बाइट्स आहेत. म्हणजे २४ चिन्हांनंतर लिहिलेलं सगळं वाया. मराठीत छान लांब वाक्य लिहिणाऱ्याचा निम्मा पासवर्ड तपासलाच जात नाही, आणि मीटर मात्र शेवटपर्यंत हिरवं होत जातं.

देवनागरी पासवर्ड बंद करा, असं मी म्हणत नाही. पण हॅश करण्यापूर्वी मजकुराचं युनिकोड सामान्यीकरण केलंच पाहिजे, नोंदणीच्या वेळी आणि लॉगिनच्या वेळी अगदी एकाच पद्धतीने. ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ एका कीबोर्डवर एकसंध चिन्ह म्हणून येतो, तर दुसऱ्यावर र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. सामान्यीकरणाने हे दोन्ही एकच होतात. काही जुने कीबोर्ड मात्र तोच आकार र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून काढतात, आणि तो प्रकार सामान्यीकरणानंतरही वेगळाच राहतो. त्यामुळे देवनागरी पासवर्ड ठेवणाऱ्याला तिथेच एक ओळ दाखवा: ‘दुसऱ्या फोनवर किंवा कीबोर्डवर हीच अक्षरं वेगळी धरली जाऊ शकतात.’

तपासा: मीटरची एकही ओळ न लिहिता, नियम मोडणारा पासवर्ड थेट सर्व्हरला पाठवून बघा. तो नाकारला गेला, तरच पुढे जा.

## टप्पा २: आपल्या मुलखाची शब्दयादी बनवा

हा टप्पा जवळपास सगळेच वगळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

टप्पा ४ मध्ये वापरायच्या मोजणीच्या लायब्रऱ्यांमध्ये (तयार कोडच्या संचांमध्ये) इंग्रजी शब्द, नावं आणि फुटलेले पासवर्ड भरपूर असतात. पण तुमचा वापरकर्ता पासवर्ड ठेवतो तो गावाचा, ग्रामदैवताचा, होडीचा, नाहीतर पोराच्या नावाचा. ‘कुणकेश्वर’ किंवा ‘भरली सुरमई’ इंग्रजी यादीला काय कळणार? तिला ती अक्षरांची अगम्य माळ वाटते, आणि अगम्य म्हणजे मजबूत असं गणित पुढे सरकतं.

पाचशे ते हजार शब्द पुरतात. मी असे घेतो:

- जिल्हे, तालुके, मोठी गावं: देवगड, वेंगुर्ला, सावंतवाडी, दापोली, गुहागर, राजापूर, अलिबाग
- देवदेवता आणि जयघोष: गणपती, बाप्पा, रवळनाथ, वेतोबा, भराडी, मोरया
- किल्ले: सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा
- खाणंपिणं: हापूस, फणस, काजू, कोकम, बांगडा, सुरमई, पापलेट, सोलकढी
- गाड्यांचे क्रमांक सुरू होतात ती अक्षरं: रायगडची एमएच०६, सिंधुदुर्गची एमएच०७, रत्नागिरीची एमएच०८
- पिनकोड आणि एसटीडी कोड: रत्नागिरीचा ४१५६१२ आणि ०२३५२, मालवणचा ४१६६०६ आणि ०२३६५
- घरातली हाक: आई, बाबा, ताई, दादा, बाळा, सोनू
- साइटचं, संस्थेचं आणि मालकाचं नाव

यादी वर्णानुक्रमे लावू नका, इथे हमखास घसरायला होतं. शब्दकोश वापरणाऱ्या मोजणीत शब्द यादीत कितवा आहे यावरून तो किती प्रयत्नांत सापडेल हे ठरतं. ‘गणपती’ पहिल्या दहात हवा आणि ‘सोलकढी’ खाली. तुमच्या भागात काय जास्त चालतं हे तुम्हालाच माहीत असणार.

दुसरी अडचण स्पेलिंगची. रोमन अक्षरांत मराठी लिहिताना प्रत्येकाची शाळा वेगळी. कुणी ‘गणपती’त एक ‘ए’ जास्त घालतो, कुणी शेवटी ‘आय’च्या जागी दोन ‘ई’ लावतो, कुणी ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ लिहितो. प्रत्येक रूप यादीत घालत बसलात तर यादी दहापट होईल. त्यापेक्षा ताडून बघण्यापूर्वी दोन्ही बाजू सारख्या करून घ्या: सगळी अक्षरं लहान, जोड ‘ए’चा एक ‘ए’, जोड ‘ई’चा ‘आय’, जोड ‘ओ’चा ‘यू’, ‘डब्ल्यू’चा ‘व्ही’. हे बदल फक्त ताडण्यासाठी करायचे, मूळ पासवर्डला हात लावायचा नाही.

सावधान: यादी ब्राउझरमध्ये जाते, म्हणजे ती कुणीही वाचू शकतो. ग्राहकांच्या खऱ्या पासवर्डांवरून यादी बनवू नका. ते तुम्हाला वाचता येत असतील, तर तो वेगळा आणि जास्त गंभीर प्रश्न आहे.

## टप्पा ३: आधी मीटरशिवाय बॉक्स नीट करा

हा टप्पा छोटा आहे. पासवर्डच्या बॉक्सला ऑटोकम्प्लीटचं मूल्य ‘न्यू-पासवर्ड’ द्या, म्हणजे फोनमधला पासवर्ड मॅनेजर स्वतःहून मजबूत पासवर्ड सुचवतो. शब्दतपासणी, आपोआप मोठं अक्षर आणि आपोआप दुरुस्ती या तिन्ही गोष्टी बंद ठेवा. पेस्ट अडवू नका. पेस्ट अडवणारी साइट लोकांना सोप्या पासवर्डकडेच ढकलते.

‘पासवर्ड दाखवा’ असं बटण द्या. त्याचा प्रकार स्पष्टपणे ‘बटण’ असा लिहा, नाहीतर फॉर्मच्या आतलं बटण दाबताच फॉर्म पाठवला जातो. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. दाखवताना बॉक्सचा प्रकार साधा मजकूर होतो, तेव्हा वापरकर्त्याच्या हालचाली रेकॉर्ड करणारी विश्लेषणाची साधनं तो टिपू शकतात. पासवर्ड असलेल्या पानावर तशी साधनं लावूच नका.

तपासा: पासवर्ड मॅनेजरने भरलेला, पेस्ट केलेला आणि हाताने टाइप केलेला, असे तिन्ही पासवर्ड फॉर्ममधून नीट जातात का?

## टप्पा ४: मोजणी

आता खरं काम. मापायचं आहे ते एवढंच: हा पासवर्ड ओळखायला हुशार माणसाला किती प्रयत्न लागतील?

दोन चुकीच्या पद्धती सर्रास दिसतात. पहिलीत गुण देतात: मोठं अक्षर एक, लहान अक्षर एक, अंक एक, चिन्ह एक, लांबी आठच्या वर असेल तर एक. ‘हापूस@१२३४’ ला पाचपैकी पाच. दुसरी पद्धत जास्त शास्त्रीय दिसते म्हणून जास्त फसवते. कीबोर्डवर ९४ दृश्य चिन्हं आहेत, रोमन लिपीत हा पासवर्ड दहा चिन्हांचा होतो, म्हणून ९४ चा दहावा घात, सुमारे ६५ बिट्स, म्हणजे २ चा ६५ वा घात इतक्या शक्यता. पासवर्ड यंत्राने यादृच्छिक निवडला असता तर हे गणित बरोबर होतं. काकांनी तो बागेकडे बघून निवडला होता.

त्याच पासवर्डचा साधा हिशोब असा. नेहमीचे दहा हजार शब्द धरा. पहिलं अक्षर मोठं किंवा लहान, म्हणून दुप्पट. मधलं चिन्ह नेहमीच्या दहापैकी एक. शेवटचे अंक नेहमीच्या शंभर जोड्यांपैकी एक. गुणाकार दोन कोटी. वेगवान हॅश असेल तर एक चांगलं यंत्र सेकंदाला हजार कोटी प्रयत्न करतं असं धरतात, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याआधी खेळ संपला. मंद हॅश असेल आणि सेकंदाला दहा हजारच प्रयत्न होत असतील, तरी सुमारे ३३ मिनिटं. चहा पिऊन येईपर्यंत.

हा हिशोब स्वतः लिहू नका, तयार लायब्ररी घ्या. ड्रॉपबॉक्सने २०१२ मध्ये खुली केलेली झेडएक्ससीव्हीबीएन यासाठीच आहे. नाव विचित्र वाटेल, पण कीबोर्डच्या खालच्या ओळीतल्या अक्षरांवर बोट फिरवलं की उलगडतं. ती पासवर्डचे तुकडे पाडते आणि शब्दकोशातले शब्द, उलटे शब्द, ‘ए’च्या जागी ‘@’ अशी बदललेली अक्षरं, तारखा, सलग अंक, पुनरावृत्ती आणि कीबोर्डवरच्या सलग कळा ओळखते. उत्तर ० ते ४ असं मिळतं. हजार प्रयत्नांच्या आत सापडणारा ०, दहा लाखांच्या आत १, दहा कोटींच्या आत २, हजार कोटींच्या आत ३, त्यापुढे ४. वरचे दोन कोटी २ मध्ये बसतात. ३ च्या खाली पुढे जाऊ देऊ नका.

ही लायब्ररी वापरताना चार गोष्टी सांभाळा.

एक, मूळ लायब्ररीची शेवटची आवृत्ती २०१७ मधली आहे आणि अलीकडची सालं ओळखण्याचा तिचा नमुना २०१९ ला थांबतो. तिच्यावरून टाइपस्क्रिप्टमध्ये बनवलेली नवी लायब्ररी आहे, त्यात भाषेचे शब्दकोश वेगळे जोडता येतात. नव्या कामाला ती घ्या.

दोन, टप्पा २ ची यादी आणि फॉर्ममधली माहिती दोन्ही मोजणीला द्या. नाव, मोबाईल नंबर, ईमेल, गाव. ईमेल अख्खा न देता ‘@’ आणि टिंबांवर तोडून द्या, नाहीतर त्यातलं नाव वेगळं ओळखलं जात नाही. मोजणी दर वेळी ताज्या माहितीवर व्हायला हवी. बरेच जण पान उघडताना एकदाच माहिती घेतात, आणि तेव्हा बॉक्स रिकामे असतात.

तीन, ‘इनपुट’ हा इव्हेंट (बॉक्समधला मजकूर बदलल्याची ब्राउझरची खबर) ऐका. कळ सोडल्याचा इव्हेंट ऐकलात तर पेस्ट आणि आपोआप भरलेला पासवर्ड निसटतो. प्रत्येक अक्षरामागे लगेच मोजू नका, टाइपिंग थांबल्यावर दोनशे मिलिसेकंदांनी मोजा. खूप लांब मजकुरावर मोजणी मंदावते, म्हणून फक्त पहिली शंभर अक्षरं मोजा, पण पाठवताना अख्खा पासवर्ड पाठवा.

चार, वजन. मूळ लायब्ररी सुमारे ८०० केबी आहे, दाबून पाठवली तरी ४०० च्या आसपास. पावसाळ्यात लाईट गेली की टॉवरही आचके देतो, तेव्हा हे ओझं जाणवतं. वापरकर्त्याने पासवर्डच्या बॉक्सवर बोट ठेवलं की मगच ती मागवा. ती आलीच नाही तर फक्त लांबी दाखवा. मोजता आलं नाही म्हणून हिरवं, असं कधीच होता कामा नये.

सावधान: मोजणीसाठी अर्धवट टाइप केलेला पासवर्ड सर्व्हरकडे पाठवू नका. तो लॉगमध्ये पडतो, आणि मग दर अक्षरागणिक वाढत गेलेला अख्खा पासवर्ड कुणालाही ओळीने वाचता येतो.

## टप्पा ५: फुटलेल्यांची यादी

मोजणीत चांगला ठरलेला पासवर्डही कुठल्यातरी जुन्या गळतीत बाहेर आलेला असू शकतो. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेत तो तपासता येतो, आणि पूर्ण पासवर्ड न पाठवता. पासवर्डचा शा-१ हॅश काढायचा. त्याच्या ४० चिन्हांपैकी पहिली ५ पाठवायची. त्या पाचांनी सुरू होणाऱ्या सगळ्या हॅशांचे उरलेले ३५ चिन्हांचे तुकडे परत येतात. आपला तुकडा त्यात आहे का, ते आपल्याकडेच बघायचं.

ही तपासणी प्रत्येक अक्षराला नको, फॉर्म पाठवताना एकदाच, शक्यतो सर्व्हरवरून करा. ब्राउझरमध्येच करायची असेल तर एक खड्डा आहे: ब्राउझरची हॅश काढण्याची सोय फक्त सुरक्षित जोडणीवर (एचटीटीपीएस) मिळते. लॅपटॉपवर लोकलहोस्ट (त्याच यंत्राचा स्वतःचा पत्ता) चालतं म्हणून सगळं ठीक दिसतं. मग फोनवरून वायफायच्या आयपी पत्त्याने तीच साइट उघडता, आणि ती सोय जागेवर नसतेच.

सेवा बंद असली तर नोंदणी अडवू नका. नोंद ठेवा आणि पुढे जाऊ द्या.

## टप्पा ६: आता रंग

पट्टीचे चार सलग भाग करा. एचटीएमएलमध्ये यासाठी ‘मीटर’ नावाचा घटक आहे. ‘प्रोग्रेस’ वापरू नका, तो काम किती झालं ते सांगायला असतो. मीटरची सजावट वेगवेगळ्या ब्राउझरांत वेगवेगळी करावी लागते, त्याचा कंटाळा आला तर चार साधे डबे काढा आणि अर्थ सांगायचं काम शब्दांवर सोडा.

शब्द तर हवेतच. तांबडा आणि हिरवा यांतला फरक अनेक पुरुषांना दिसत नाही. आणि ज्याला दिसतो, तोही दुपारी मिरकरवाडा बंदरावर उभा राहिला की त्याला स्क्रीनवर सगळं राखाडीच दिसतं. म्हणून तीन खुणा एकत्र द्या: किती भाग भरले, रंग कोणता, आणि शब्द काय. पिवळा पांढऱ्यावर वापरू नका, तो जवळजवळ दिसतच नाही. वेब सुलभतेच्या नियमांनुसार पट्टीसारख्या आकृतीचा पार्श्वभूमीशी विरोध किमान ३:१ आणि साध्या मजकुराचा ४.५:१ हवा. गडद केशरी चालतो.

रिकाम्या बॉक्सखाली पट्टी राखाडी ठेवा. पहिलंच अक्षर टाकताच ‘अतिशय कमकुवत’ असं तांबड्यात ओरडणारी मीटरं मला उद्धट वाटतात. किमान लांबी होईपर्यंत फक्त ‘अजून ६ अक्षरं’ असं सांगा.

शब्द कसे असावेत यावर थोडा वेळ द्या. ‘कमकुवत’ एवढं म्हणून माणसाला काही करता येत नाही. कारण आणि पुढचं पाऊल, दोन्ही सांगा:

- ‘यात गावाचं नाव आहे. गावांची नावं सगळ्यात आधी तपासली जातात. आणखी दोन असंबद्ध शब्द जोडा.’
- ‘यात तुमचा मोबाईल नंबर दिसतो. तो काढा.’
- ‘शेवटी १२३ जोडून फरक पडत नाही. मधे एखादा शब्द घाला.’

ओळखलेला शब्द स्क्रीनवर छापू नका. बॉक्समध्ये ठिपके आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘यात सावंतवाडी आहे’, तर मग ठिपके कशाला?

‘चार शब्द वापरा’ असं सांगताना एक मेख आहे. दोन हजार शब्दांच्या यादीतून यंत्राने चार शब्द उचलले तर सोळा लाख कोटी शक्यता होतात. पण माणसाला निवडू दिलं की आपल्याकडे येणार काय? ‘आंबा फणस काजू नारळ’. म्हणून शेजारी ‘शब्द सुचवा’ असं बटण द्या आणि शब्द ब्राउझरच्या सुरक्षित यादृच्छिक जनकाने निवडा. साधं ‘मॅथ रँडम’ यासाठी नाही.

सूचनेसाठी दोन ओळींची जागा आधीच राखून ठेवा. मराठी वाक्य लहान फोनवर हमखास दुसऱ्या ओळीवर जातं, आणि ऐन वेळी खालचं बटण सरकलं की बोट भलतीकडेच पडतं. ओळींमधलं अंतर आवळू नका, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात.

स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी सूचनेची जागा पान उघडतानाच रिकामी ठेवा आणि तिला ‘अदबीने वाच’ या प्रकारचं जिवंत क्षेत्र करा (एचटीएमएलमधलं ‘एरिया-लाइव्ह’, मूल्य ‘पोलाइट’). ती मागाहून जोडली तर बरेचदा वाचली जात नाही. टाइपिंग थांबल्यावर सेकंदभराने बदला, नाहीतर प्रत्येक अक्षराला ‘कमकुवत, कमकुवत’ असा जप सुरू होतो.

तपासा: स्क्रीन कृष्णधवल करा. आता पट्टी काय म्हणते ते कळतं का?

## टप्पा ७: सर्व्हर आणि मीटर एकाच सुरात

ब्राउझरमधलं मीटर सल्ला देतं, निर्णय सर्व्हरच घेतो. त्यामुळे तीच मोजणी, तीच आवृत्ती आणि तीच शब्दयादी सर्व्हरवरही चालवा. दुसऱ्या भाषेतलं रूपांतर वापरलंत तर गुण थोडे वेगळे येऊ शकतात. वर हिरवं आणि पाठवल्यावर ‘पासवर्ड नाकारला’, असं झालं की माणूस मीटरवर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

नाकारल्यावर फॉर्ममधली बाकीची माहिती पुसू नका. लॉगिनवर चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घाला. निस्टची कमाल सलग शंभर चुकांची आहे, छोट्या साइटला मी दहानंतरच वेग कमी करतो.

## टप्पा ८: चाचणीची यादी

ही यादी प्रोजेक्टमध्येच ठेवा आणि लायब्ररी बदलाल तेव्हा पुन्हा चालवा.

- रिकामा बॉक्स: राखाडी, कुठलाही शब्द नाही
- ‘पासवर्ड@१२३’ आणि ‘हापूस@१२३४’: अडवले पाहिजेत
- स्वतःचं नाव आणि जन्मसाल: अडवलं पाहिजे, आणि फॉर्ममधलं नाव बदलताच निकालही बदलला पाहिजे
- ‘ए’ हे अक्षर वीस वेळा: लांबी पुरेशी असूनही अडवलं पाहिजे
- ‘गणपतीबाप्पामोरया’, तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांत: तिन्ही अडवले पाहिजेत
- पासवर्ड मॅनेजरचा सोळा अक्षरी पासवर्ड: ४
- दोनशे अक्षरांचा मजकूर: फोन गोठता कामा नये
- नेट बंद करून कोणताही पासवर्ड: हिरवं दिसता कामा नये

पाचवी ओळ पहिल्या फेरीत बहुधा नापास होते. तेव्हा टप्पा २ कडे परत जा.

## जुन्या खात्यांचं काय

साठवलेल्या हॅशवरून पासवर्डची ताकद मोजता येत नाही. जुना वापरकर्ता लॉगिन करतो तेव्हा मात्र सर्व्हरकडे क्षणभर मूळ पासवर्ड असतो. तेव्हाच मोजा आणि कमी भरला तर त्याच बैठकीत बदलायला सांगा. तो गुण डेटाबेसमध्ये साठवू नका. डेटाबेस चोरीला गेला तर कोणती खाती आधी फोडायची, याची आयती यादीच चोराच्या हाती लागते.

काकांच्या साइटवर मी हे असंच बसवलं. पुढच्या लॉगिनला त्यांना सूचना दिसली आणि पाच मिनिटांत फोन आला: “आता तांबडो कित्याक दिसता?” मी त्यांना फोनमधला पासवर्ड मॅनेजर कसा सुरू करायचा ते सांगितलं, आणि भाच्याच्या फोनवर साइट उघडी राहिली असेल तर तीही बंद करायला लावली.